पहिला नग हवेत जातो तेव्हा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी उद्यमनगरात, शिरोलीत नाहीतर गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कामाला असतं. फौंड्रीत आयुष्य काढलेल्या माणसाला पहिल्या नगाचं महत्त्व सांगावं लागत नाही. नवा पॅटर्न आला, साचा भरला, रस ओतला, की पहिला नग गिऱ्हाइकाकडं जात नाही. तो कापून बघतात. आत हवा अडकून पोकळी राहिली आहे का, भिंतीची जाडी सगळीकडं सारखी आली आहे का, कुठं तडा धरतोय का, हे नग कापल्याशिवाय कळत नाही. पहिला नग भंगारात गेला म्हणून कुणी हळहळत नाही. त्याचं कामच ते असतं.

विमानाचाही पहिला नग असतो. त्याला नमुना विमान किंवा प्रोटोटाइप म्हणतात. त्यातला एक सांगाडा जमिनीवर खरोखर मोडायलाच ठेवलेला असतो. प्रत्यक्ष उड्डाणात पंखांवर जास्तीत जास्त जेवढा भार येईल, त्याच्या दीडपट भार जॅक लावून हळूहळू चढवतात. तेवढा भार पंखानं पेलला पाहिजे, असा नियम आहे. पण जमिनीवर सगळंच तपासता येत नाही. वाऱ्यात विमान कसं वागेल हे शेवटी हवेत जाऊनच बघावं लागतं, आणि हवेत जाणाऱ्या पहिल्या नगात माणसं बसलेली असतात.

म्हणून नमुना विमान कोसळतं तेव्हा ‘चाचणीच होती, चाचणीत असं व्हायचंच’ असं म्हणून मोकळं होता येत नाही. ‘आपल्याला विमान बनवायला जमत नाही’ असा निकाल देऊनही चालत नाही. विमान का पडलं, कुणाला काय ठाऊक नव्हतं आणि पडल्यानंतर त्या माहितीचं पुढं काय झालं, हे बघावं लागतं. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो.

हसूरचंपूचे घाटगे

भारतीय विमानाच्या पहिल्या नगाची कथा कोल्हापूर जिल्ह्यातूनच सुरू होते. गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपू गावी २४ ऑक्टोबर १९०८ रोजी विष्णू माधव घाटगे यांचा जन्म झाला. पुढं ते जर्मनीत ग्यॉटिंगनला गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया घालणारे ते हेच प्रांटल. पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर उरलेल्या हवेपेक्षा वेगळा वागतो, आणि पंख कधी दगा देणार हे त्या थरावरच ठरतं, हे त्यांनी १९०४ मध्येच मांडलं होतं. घाटगे ते ज्ञान मूळ झऱ्यावरून घेऊन आले.

१९४० च्या डिसेंबरात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. आजची एचएएल ती हीच. १९४२ मध्ये तिथल्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीत घाटगे होते. स्वातंत्र्यानंतर एचएएलमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान आकाराला आलं. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यानं पहिलं उड्डाण केलं. भारतात आखलेलं आणि भारतातच बांधलेलं हे पहिलं विमान. त्याची सुमारे १७० विमानं बनली, त्यातली काही घानाच्या हवाई दलानंही घेतली.

घाटगे तिथं थांबले नाहीत. १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक, १९५९ मध्ये कृषक आणि ४ सप्टेंबर १९६४ रोजी किरण हे जेट प्रशिक्षण विमान. १३ वर्षांत एकाच माणसाच्या हाताखाली, बऱ्याच अंशी त्याच कार्यशाळेत चार नमुने उडाले. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या १३ वर्षांकडं पुढं पुन्हा यावं लागेल, कारण या लेखातल्या प्रश्नाचं उत्तर त्यांतच आहे.

चाचणीत काय करतात?

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, विमान उडालं म्हणजे झालं. चाचणी वैमानिकाच्या दृष्टीनं पहिलं उड्डाण ही सुरुवात असते. आधी विमान धावपट्टीवर नुसतं चालवतात, मग वेगानं पळवतात, ब्रेक बघतात. पहिल्या उड्डाणात बहुतेक वेळा चाकं आत घेतही नाहीत. बहुतेकदा शेजारून दुसरं विमान उडत असतं, त्यातला माणूस नमुन्यावर नजर ठेवतो. खाली नियंत्रण कक्षात शेकडो मापं रेडिओवरून येत असतात: पंखाची थरथर, इंजिनाचं तापमान, इंधनाचा दाब. प्रत्येक उड्डाणाआधी एक कार्ड लिहिलं जातं. अमुक उंचीवर, अमुक वेगानं, अमुक गोष्ट करायची आणि अमुक आकडा दिसला की सोडून द्यायचं. वैमानिक त्या कार्डाबाहेर जात नाही.

मग एकेक हद्द पुढं सरकवत नेतात. सगळ्यात मंद वेग कोणता? वेग त्याखाली गेला की पंखावरून हवा सुटते आणि विमान खाली बसतं. याला स्टॉल म्हणतात. सगळ्यात जास्त वेग कोणता? ठरावीक वेगापलीकडं पंख किंवा शेपूट आपोआप फडफडायला लागतं आणि क्षणात तुटू शकतं. हे फ्लटर. वजन मागं गेलं तर काय होतं? पुढं गेलं तर? दोनपैकी एक इंजिन बंद पडलं तर विमान सरळ ठेवता येतं का? बंद पडलेलं इंजिन हवेतच पुन्हा पेटवता येतं का?

प्रशिक्षण विमानाच्या बाबतीत आणखी एक अवघड चाचणी असते: गिरकी, म्हणजे स्पिन. स्टॉल झालेलं विमान एका बाजूला कलंडून नाक खाली घालून गरगरत उतरायला लागतं. शिकाऊ वैमानिकाच्या हातून हे कधीतरी होणारच, म्हणून ते विमान गिरकीतून हमखास बाहेर यायला हवं. ते येतं का, हे बघायचा मार्ग एकच. चाचणी वैमानिक मुद्दाम विमान गिरकीत घालतो. गिरकीत हवा कशी वाहते याचा हिशेब आजही पूर्ण खात्रीनं मांडता येत नाही. म्हणून अशा चाचणीसाठी शेपटाला एक खास पॅराशूट बांधलेलं असतं. काहीच जमलं नाही तर ते उघडून विमान सरळ करायचं.

ही सगळी कामं धोक्याची आहेत, पण अंदाधुंद नाहीत. धोका कुठं आहे हे आधी लिहिलेलं असतं. अपघात बहुधा तिथं होतो, जिथं धोका आहे हे कुणी कागदावर आणलेलंच नव्हतं.

बिडदी, ६ मार्च २००९

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण ‘सरस’चं. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं, म्हणजे एनएएलनं, १४ आसनी छोटं प्रवासी विमान बनवायचं ठरवलं. काम १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं. दोन इंजिनं शेपटाजवळ, आणि त्यांचे पंखे मागच्या बाजूला, विमानाला पुढं ढकलणारे. पहिला नमुना २९ मे २००४ रोजी उडाला. त्याचं रिकामं वजन ठरवल्यापेक्षा जवळपास एक हजार किलोंनी जास्त भरलं होतं. मग जास्त ताकदीची इंजिनं लावून दुसरा नमुना बनवला, तो एप्रिल २००७ मध्ये उडाला.

६ मार्च २००९ रोजी दुपारी हा दुसरा नमुना बंगळुरूहून निघाला. विमानात हवाई दलाचे तिघे होते: चाचणी वैमानिक विंग कमांडर प्रवीण कोटेकोप्पा आणि विंग कमांडर दीपेश शहा, आणि चाचणी अभियंता स्क्वाड्रन लीडर इलयराजा. कार्डावरचं एक काम होतं डावं इंजिन हवेत बंद करून पुन्हा पेटवणं. इंजिन बंद केलं. पुन्हा पेटवायचा पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या वेळी विमानाची उंची झपाट्यानं घटली, ते हाताबाहेर गेलं आणि बंगळुरूजवळ बिडदी गावाच्या परिसरात शेतात कोसळलं. तिघेही गेले.

आता यात यंत्राचं काय झालं ते समजून घेऊ. अशा विमानाच्या पंख्याची पाती त्यांच्या बुडाशी फिरवता येतात. इंजिन चालू असताना पात्यांचा तिरकेपणा असा ठेवतात की ती हवा मागं ढकलतील. इंजिन बंद पडलं की पाती वळवून त्यांची धार समोरच्या वाऱ्याकडं करतात, म्हणजे वारा त्यांच्यावर आदळत नाही आणि ओढ कमीत कमी राहते. बंद इंजिनाची पाती याउलट चपटी, वाऱ्याला आडवी झाली, तर पंखा फुकट गरगरतो आणि त्या बाजूला प्रचंड अडथळा उभा राहतो. एक बाजू पुढं ढकललेली, दुसरी मागं खेचलेली. विमान एका बाजूला वळतं, कलंडतं, वेग घटतो. म्हणून इंजिन पुन्हा पेटवताना पाती केव्हा, किती आणि कोणत्या क्रमानं वळवायची, हा क्रम जीवनमरणाचा असतो.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या चौकशीनं बोट ठेवलं ते नेमकं या क्रमावर. अहवालाचा निष्कर्ष असा होता: विमान आखणाऱ्यांनी इंजिन पुन्हा पेटवण्याची जी पद्धत तयार केली होती ती चुकीची होती, आणि वैमानिकांनी ती पुरेशी उंची नसताना वापरली. सोबतची कारणंही नोंदली गेली. वैमानिकांमधला समन्वय कमी पडला. पहिला प्रयत्न फसल्यावर, खालच्या चाचणी संचालकांशी बोलून, उड्डाण तिथंच थांबवायला हवं होतं, ते थांबवलं नाही. आणि एनएएलनं ही पद्धत पंखा बनवणाऱ्या कंपनीला न विचारता आखली होती.

हे शेवटचं कारण सगळ्यात बोचणारं आहे. पंखा कसा वागतो हे ज्याला सगळ्यात जास्त ठाऊक, त्यालाच विचारलं नव्हतं. माहिती कुठंतरी होती. ती त्या दिवशी कॉकपिटमधल्या कार्डावर नव्हती.

उंचीचाही हिशेब बघण्यासारखा आहे. ही चाचणी सुमारे ९ हजार फुटांच्या आसपास चालू होती. ऐकायला भरपूर वाटतं. पण ही उंची समुद्रसपाटीपासूनची, आणि बंगळुरूचं पठार स्वतःच सुमारे ३ हजार फुटांवर आहे. म्हणजे पायाखाली साधारण ६ हजार फूट. वेगानं खाली जाणाऱ्या विमानाला सावरायला तेवढ्यात मिळणारी सवड फार थोडी असते. जिथं काही बिघडू शकतं ती चाचणी जास्तीत जास्त उंचीवर करायची, हा चाचणी उड्डाणांचा जुना धडा आहे.

कॅनॉपी आणि घुमट

‘सरस’च्या आधीही बंगळुरूनं असे दिवस बघितले होते. १९५६ मध्ये जर्मन विमानरचनाकार कुर्ट टांक भारतात आले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली मारुत हे भारताचं पहिलं जेट लढाऊ विमान बनलं. १७ जून १९६१ रोजी ते पहिल्यांदा उडवलं सुरंजन दास यांनी. घाटगे यांच्या किरणचं पहिलं उड्डाणही त्यांचंच. १० जानेवारी १९७० रोजी मारुतचा जास्त ताकदीच्या इंजिनाचा नमुना घेऊन ग्रुप कॅप्टन दास बंगळुरूच्या धावपट्टीवरून निघाले आणि विमान उडताच कोसळलं. कॉकपिटवरचं काचेचं झाकण, म्हणजे कॅनॉपी, नीट न अडकल्यानं उघडली, असं कारण सांगितलं जातं. लाखो भागांच्या यंत्रात एक कडी. बंगळुरूतला एक मोठा रस्ता आज त्यांच्या नावानं आहे.

३७ वर्षांनंतर, फेब्रुवारी २००७ मध्ये, त्याच शहरात एरो इंडिया प्रदर्शन भरलेलं असताना एचएएलच्या सितारा या प्रशिक्षण विमानाचा नमुना धावपट्टीवर वेग घेत होता. त्याची कॅनॉपी उघडली आणि विमान भरकटलं. जीव गेला नाही. दोन्ही विमानं वेगळी, कड्याही वेगळ्या; दोन्ही घटनांचं तांत्रिक कारण एकच होतं असं म्हणता येणार नाही. तरी विमान आखणाऱ्याला प्रश्न पडायलाच हवा: पहिल्या अपघाताची फाइल दुसऱ्या विमानाच्या टेबलापर्यंत किती पोचली होती?

११ जानेवारी १९९९ चा अपघात वेगळ्या जातीचा. संरक्षण संशोधन संघटनेनं एका जुन्या अ‍ॅव्हरो विमानाच्या पाठीवर फिरता घुमट बसवला होता. त्यात रडार, दूरवरून शत्रूची विमानं हेरण्यासाठी. तमिळनाडूत अरक्कोणमजवळ चाचणी उड्डाणात हा घुमट तुटून शेपटाकडं गेला आणि विमान पडलं. चार शास्त्रज्ञ आणि हवाई दलाचे चार जण मिळून आठ जण गेले. इथं धातूच तुटला, हे खरं. पण मूळ प्रश्न तोच: ज्या विमानाची रचना मुळात हा घुमट वाहण्यासाठी झालेली नव्हती, त्याच्या पाठीवर वाऱ्याचा भार कसा खेळतो, हे हवेत जाण्याआधी किती कळलं होतं? त्या अपघातानंतर तो प्रकल्पच गुंडाळला गेला.

बाहेर काय झालं

विमान पडल्यावर प्रकल्प गुंडाळायचा की नाही, हा प्रश्न आपल्यापुरता नाही. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या राइट फील्डवर बोइंग कंपनीचं मॉडेल २९९ हे चार इंजिनांचं नवं बॉम्बफेकी विमान सैन्यासमोर उडवलं जात होतं. विमान उभं असताना वाऱ्यानं शेपटाच्या झडपा आपटू नयेत म्हणून त्या अडकवून ठेवतात. उडण्याआधी ती कडी काढायची राहून गेली. विमान नाक वर करून चढलं, स्टॉल झालं, पडलं. अनुभवी वैमानिक मेजर प्लॉयर हिल गेले, आणि बोइंगचे मुख्य चाचणी वैमानिक लेस्ली टॉवरही पुढं जखमांनी गेले.

वैमानिक कच्चे नव्हते. विमान इतकं गुंतागुंतीचं झालं होतं की सगळ्या गोष्टी डोक्यात ठेवणं कुणालाच शक्य नव्हतं. यावर सैन्याच्या वैमानिकांनी शोधलेला उपाय अगदी साधा: यादी. उडण्याआधी, उतरण्याआधी, एकेक ओळ वाचायची आणि टिकमार्क करायचं. आज जगातला प्रत्येक वैमानिक अशी यादी वाचतो, आणि शस्त्रक्रियेआधी ऑपरेशन थिएटरमध्ये वाचली जाणारी यादीही त्याच विचाराची. मोठी ऑर्डर गेली दुसऱ्या कंपनीला. तरी सैन्यानं पुढच्या चाचण्यांसाठी १३ विमानं घेतली. त्याच विमानाचं पुढं बी-१७ झालं आणि १२ हजारांहून जास्त बनली.

दुसरी गोष्ट ब्रिटनची. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी बीएसी वन-इलेव्हन या नव्या प्रवासी जेटचा नमुना स्टॉलच्या चाचणीत कोसळला, सात जण गेले. या विमानाचं आडवं शेपूट उभ्या शेपटाच्या टोकावर होतं. ‘सरस’चंही तसंच. पंखांवरून हवा सुटली की ती विस्कटलेली हवा नेमकी उंचावरच्या शेपटावर जाऊन पोचली आणि शेपूट निकामी झालं. नाक खाली करायला काही उरलंच नाही. त्यानंतर विमान स्टॉलजवळ गेलं की आपणहून दांडी पुढं ढकलणारं यंत्र अशा विमानांत बसू लागलं. आणि वन-इलेव्हनचं उत्पादन चालू राहिलं. अशी २४० हून जास्त विमानं बनली. प्रत्येक नव्या प्रवाशाला त्या सात जणांच्या अपघातातून काढलेल्या उपायाचं संरक्षण मिळालं.

दोन्ही ठिकाणी विमान पडलं, कारण शोधलं गेलं, आणि मुख्य म्हणजे ते विमान बनवणारी माणसं त्याच कामावर राहिली. मिळालेला धडा पुढच्याच नगात उतरला.

नोंद नसेल तर

याच्या उलट टोकाचं उदाहरण मराठी माणसाला पाठ आहे. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आधी, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या उड्डाणाचं मोजमाप नाही, चाचणीची नोंद नाही, आराखडा तपासता येईल असा पुरावा नाही. तळपद्यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथातली विमानं भारतीय विज्ञान संस्थेच्या पाच संशोधकांनी १९७४ मध्ये तपासली आणि ती उडण्याजोगी नाहीत असा निष्कर्ष काढला. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. तळपद्यांचं विमान उडालं असो वा पडलं असो, त्यातून पुढच्या कुणालाच काही शिकता आलं नाही. अभिमानाला कथा पुरते. पुढच्या विमानाला मात्र नोंद लागते.

म्हणूनच आज घरच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्यालाही कागदांच्या डोंगरातून जावं लागतं. मूळचे साताऱ्याकडचे वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी बघितलं. उड्डाण परवाना मिळायला २०१९ उजाडलं. विलंबाचा राग येणं साहजिक आहे. पण परवाना देणाऱ्याला भीती असते ती हीच: हे विमान पडलं तर का पडलं, हे सांगायला पुरेशी मापं कुणाकडं असतील का?

दोन नमुन्यांमधलं अंतर

आता घाटगे यांच्या त्या १३ वर्षांकडं वळू. एचटी-२ वर काम करताना जे कळलं ते पुष्पकच्या कामात उपयोगी पडलं, पुष्पकमधलं कृषकमध्ये, कारण आखणारे तेच होते. एक विमान संपायच्या आत दुसरं सुरू होत होतं. चूक कागदावर लिहिली गेली नसेल तरी कुणाच्यातरी डोक्यात होती, आणि तो माणूस अजून त्याच खोलीत बसत होता.

मारुतनंतर हा धागा तुटला. मारुत १९६१ मध्ये उडालं. भारतात आखलेलं पुढचं लढाऊ विमान, तेजस, ४ जानेवारी २००१ रोजी. मध्ये ४० वर्षं गेली. मारुत बनवणारी पिढी निवृत्त झाली, फायली कपाटांत गेल्या, आणि नवी मुलं जवळपास कोऱ्या पाटीवर बसली. तेजसच्या लोकांनी मग उलटं टोक गाठलं. अतिशय सावध, अतिशय हळू. त्याचा फायदा असा झाला की हजारो चाचणी उड्डाणांत एकही नमुना गमावला नाही. पहिलं तेजस पडलं ते मार्च २०२४ मध्ये जैसलमेरजवळ, आणि ते विमान चाचणीतला नमुना नव्हतं, हवाई दलाच्या सेवेतलं होतं. वैमानिक सुखरूप बाहेर आला. तोटा म्हणजे त्यासाठी लागलेली वर्षं.

सावधपणा कसा असतो हे गोव्यात बघायला मिळतं. नौदलाच्या तेजसला विमानवाहू जहाजावर उतरायचं होतं. जहाजाचा डेक छोटा, उतरताना शेपटाखालचा हुक डेकवरच्या तारेत अडकला पाहिजे. ते समुद्रावर करायच्या आधी गोव्याला आयएनएस हंसा तळावर जमिनीवरच जहाजासारखी चढण आणि तारा उभारल्या. डिसेंबर २०१४ मध्ये त्या चढणीवरून पहिली झेप, सप्टेंबर २०१९ मध्ये तारेत पहिली यशस्वी अडकण. मग ११ जानेवारी २०२० रोजी चाचणी वैमानिक कमोडोर जयदीप मावळणकर यांनी आयएनएस विक्रमादित्यवर विमान उतरवलं. समुद्रातल्या त्या काही सेकंदांमागं जमिनीवरची पाच वर्षं होती.

आणि घाटगे यांच्या किरणची जागा घ्यायला निघालेलं सितारा? ते २००३ मध्ये उडालं. २८ एप्रिल २०११ रोजी तमिळनाडूत त्याचा एक नमुना पडला, दोन्ही वैमानिक आसनासह बाहेर फेकले गेले आणि वाचले. नंतर गिरकीनं अडवलं. विमान गिरकीतून भरवशानं बाहेर येईना आणि वर्षानुवर्षं काम अडून राहिलं. शेवटी शेपटाकडच्या रचनेत बदल करून चाचण्या पुन्हा सुरू झाल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यानं दोन्ही बाजूंनी सहा-सहा गिरक्यांची चाचणी पार केली. पहिल्या उड्डाणापासून १९ वर्षं. घाटगे यांच्या काळात तेवढ्यात चार विमानं होऊन वर काही वर्षं शिल्लक राहिली असती.

ही तुलना अर्थातच सरळ नाही. १९५० चं विमान साधं होतं, आजचे नियम आणि मापं वेगळी आहेत. पण एक गोष्ट दोन्ही काळांना लागू आहे. अपघाताची चौकशी ज्ञान देते. ते ज्ञान पुढच्या विमानात जायला आखणारा, वैमानिक आणि चाचणी अभियंता यांची जुळलेली तुकडी लागते, आणि तुकडी टिकते कामानं. एक नमुना पडल्यावर दहा वर्षं काम थांबलं, तर अहवाल कितीही चांगला लिहिलेला असला तरी तो वाचणारा माणूस दुसऱ्याच खात्यात गेलेला असतो.

‘सरस’चं नेमकं तेच झालं. २००९ नंतर प्रकल्प जवळजवळ बंद पडला. बऱ्याच वर्षांनी पहिल्या नमुन्यात सुधारणा करून तो २४ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा उडवला, आणि आता त्यावरून १९ आसनी विमान बनवायचा बेत आहे. २०१८ मध्येच, छोट्या शहरांना विमानसेवेनं जोडणाऱ्या उडान योजनेत, कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून प्रवासी सेवा पुन्हा सुरू झाली, ती एका छोट्या बीचक्राफ्ट विमानानं. सरस आखलं गेलं ते अशाच शहरांसाठी आणि साधारण त्याच आकाराचं. मधली नऊ वर्षं काम चालू राहिलं असतं तर कोल्हापूरच्या धावपट्टीवर त्या दिवशी देशी विमान दिसलं असतं का, हे सांगता येत नाही. पण बिडदीच्या शेतात त्या तिघांनी जे जिवाच्या किमतीवर मिळवून दिलं होतं, ते लगेच कामाला लावणारी माणसं तरी त्या नऊ वर्षांत जागेवर राहिली असती.